एक बिनतारी, दोन कारभारी

मुक्तस्रोत प्रणालींविषयी मराठीत जे लेखन झाले आहे, त्याचे ढोबळमानाने दोन भाग पडतात. एका भागात स्वातंत्र्याची महती असते: ही प्रणाली कोणाच्या मालकीची नाही, ती हवी तशी वापरा, उघडून पाहा, बदला, वाटा. दुसऱ्या भागात कृती असते: ही आज्ञा टंका, मग ती टंका, संगणक पुन्हा सुरू करा, झाले. बिघाड का झाला, कोणत्या दोन गोष्टी एकमेकींच्या आड आल्या आणि ते ओळखण्याची रीत कोणती, हे सांगणारे तिसऱ्या प्रकारचे लेखन मात्र जवळजवळ नाहीच. ते नसल्याची किंमत कोण मोजतो, हे मला बीड जिल्ह्यातील एका अभ्यासिकेत पाहायला मिळाले. प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक होता. बिनतारी जोडणी टिकत नव्हती, एवढाच.

माजलगाव तालुक्यातील एका गावच्या या अभ्यासिकेत चार जुने संगणक आहेत. शहरात स्थायिक झालेल्या एका गावकऱ्याने ते देणगीदाखल दिले आणि त्याच्याच ओळखीतल्या कोणी त्यांवर डेबियनच्या कुळातली लिनक्स प्रणाली बसवून दिली. परवान्याचा खर्च नाही, जुन्या यंत्रावरही बरी चालते, विषाणूंचा उपद्रव कमी. निर्णय योग्यच होता. स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले-मुली तिथे बसतात. भरतीचे अर्ज, शिष्यवृत्तीचे अर्ज, प्रवेशपत्रे ही सारी कामे तिथेच होतात. जोडणी मात्र कधी सकाळभर सुरळीत चाले, तर कधी पाच-पाच मिनिटांनी तुटे. मध्येच पासवर्ड पुन्हा विचारला जाई आणि तो अचूक दिला तरी नाकारला जाई. वीज जाऊन परत आली की पुढे काय होईल याचा नेम नसे. एका मुलीचा अर्ज ऐन शुल्क भरण्याच्या पानावर अडकला. खात्यातून पैसे वजा झाले, पावती आली नाही, आणि मुदत दुसऱ्या दिवशी संपणार होती. तिला बीडला जाऊन पुन्हा शुल्क भरून अर्ज करावा लागला. पहिली रक्कम यथावकाश परत आली. बसभाडे आणि अभ्यासाचा दिवस गेला तो गेलाच.

“सर, रेंजच धरीना,” हे तिथले सार्वत्रिक निदान होते आणि त्याला धरूनच उपाय चालले होते. आधी राऊटर खिडकीतून कपाटावर गेला. मग एक नवे यूएसबी वायफाय उपकरण विकत आणले गेले. त्यानेही भागेना, तेव्हा एका उत्साही तरुणाने आंतरजालावरच्या कुठल्याशा इंग्रजी पानावरून आज्ञा उतरवून घेतल्या आणि जोडणी सांभाळणारी आणखी एक आज्ञावली चारही यंत्रांवर बसवली. त्यानंतर दुखणे वाढलेच. अखेर व्यवस्थापक मंडळींचे ठरले की हे ‘फुकटातले’ नको. दुकानदार चारही यंत्रांवर एका दुपारीत विंडोज टाकून देतो म्हणतो. ते विनापरवाना असणार हे सर्वांना ठाऊक होते आणि त्याचे कोणालाच काही वाटत नव्हते. मी एक रविवार मागून घेतला.

घोडे कुठे पेंड खाते हे शोधताना आधी यंत्राला हात न लावता काय कळते ते पाहावे. त्याच टेबलावर, त्याच राऊटरवर माझा मोबाइल तासभर अखंड चालला. म्हणजे राऊटर आणि रेंज निर्दोष. नवे उपकरण लावूनही लक्षण तेच राहिले. म्हणजे जुन्या उपकरणावरचा संशयही गेला. बरोबर पासवर्ड नाकारला जातो, तोच थोड्या वेळाने स्वीकारला जातो. म्हणजे दोष शब्दात नसून तो पोचवण्याच्या वेळी मध्ये काहीतरी घडते आहे. आणि सर्वांत बोलकी खूण ही, की यंत्र सुरू केल्यावर ते कधी नीट वागे, कधी नाही. सुटी झालेली तार किंवा जळलेला भाग सोडला तर असा लहरीपणा बहुधा शर्यतीचा असतो. दोन गोष्टी एकाच जागेकडे धावत असतात आणि कोण आधी पोचते त्यावर फळ ठरते.

इथे जरा मागे जावे लागेल. वापरणाऱ्याच्या दृष्टीने ‘वायफाय लागणे’ ही एक क्रिया आहे. यंत्राच्या दृष्टीने ती किमान चार कामे आहेत. आसपासची जाळी शोधून त्यांतले एक निवडणे, पासवर्डाच्या आधारे राऊटरशी ओळख पटवणे, त्याच्याकडून स्वतःसाठी पत्ता मिळवणे, आणि संकेतस्थळांची नावे ज्याला विचारायची त्याची नोंद करून ठेवणे. लिनक्समध्ये ही कामे वेगवेगळ्या आज्ञावली करतात, कारण त्या वेगवेगळ्या माणसांनी, वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या गरजांपोटी लिहिल्या. ओळख पटवण्याचे काम अनेक वर्षे जौनी मालिनेन या फिनलंडच्या प्रोग्रामरने लिहिलेल्या डब्ल्यूपीए-सप्लिकंटने केले, आजही बहुतेक ठिकाणी तोच करतो. चारही कामांवर एकत्र देखरेख ठेवणारा कारभारी असावा म्हणून रेड हॅट कंपनीने २००४ मध्ये नेटवर्क-मॅनेजर हा प्रकल्प सुरू केला. त्याचा आरंभीचा काळ खडतर होता. तो बेभरवशाचा वाटल्यामुळे पुष्कळांनी तो काढून विकड नावाचा आटोपशीर पर्याय बसवला. पुढे नेटवर्क-मॅनेजर सुधारला. विकड ज्या पायथन २ वर उभा होता तिचा अधिकृत आधार १ जानेवारी २०२० रोजी संपला आणि तो मागे पडला. मग इंटेलने ओळख पटवण्याच्या कामासाठी आयडब्ल्यूडी नावाची नवी आज्ञावली केली, तिची १.० आवृत्ती २०१९ मध्ये आली. ती एकटीही जोडणी सांभाळू शकते आणि नेटवर्क-मॅनेजरच्या हाताखालीही काम करू शकते.

यांतला एकही जण वाईट नाही, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. अडचण अशी की जुनी पाने आंतरजालावरून जात नाहीत. विकडची शिफारस करणारी पाने अजून सापडतात. रास्पबेरी पायच्या प्रणालीने २०२३ मध्ये नेटवर्क-मॅनेजर स्वीकारला, पण त्याआधीच्या पद्धतीने लिहिलेले धडे शोधले की तेच पुढे येतात. वाचणाऱ्याला पानाचे वय कळत नाही. तो श्रद्धेने आज्ञा टंकतो आणि जिथे एक कारभारी होता तिथे दोन होतात. प्रत्येक नवा कारभारी बसताना आपोआप सुरूही होतो. जुन्याला कोणी रजा दिलेली नसते.

अभ्यासिकेतल्या यंत्रावर मी चालू सेवांची यादी मागवली. नेटवर्क-मॅनेजर होता, त्याने हाताशी घेतलेला डब्ल्यूपीए-सप्लिकंट होता, शेजारी स्वतंत्रपणे आयडब्ल्यूडीही चालू होती, आणि तिच्याकडे त्याच जाळ्याचा पासवर्ड जपून ठेवलेला होता. भरीस भर म्हणून पत्ता मागण्याचे काम करणारी डीएचसीपीसीडी ही आणखी एक आज्ञावली होती, जरी ते काम नेटवर्क-मॅनेजर स्वतःच करतो. पुरावा हवा होता तो नोंदवहीत मिळाला. यंत्र आपल्या प्रत्येक हालचालीची वेळेसह नोंद ठेवते. जोडणी तुटल्याच्या प्रत्येक ओळीपाशी लिहिलेले होते की तोडण्याचा निर्णय स्थानिक आहे, म्हणजे राऊटरने हाकललेले नाही, यंत्रानेच हात सोडला आहे. महिनाभर ज्या राऊटरला शिव्या बसत होत्या त्याच्या निर्दोषत्वाचा दाखला त्याच खोलीत पडून होता, इंग्रजीत.

मंडळींना हे सांगताना मला माजलगावच्या कालव्याचा आधार घ्यावा लागला. सिंदफणेवरच्या धरणाचे पाणी ज्यांच्या शेतात येते त्यांना चारी, दार, पाळी आणि पाटकरी यांचा अर्थ सांगावा लागत नाही. समजा, एका चारीच्या एकाच दारावर दोन पाटकरी नेमले, दोघांना दोन याद्या दिल्या, आणि दोघांना एकमेकांची गाठच पडू दिली नाही. पहिला आपल्या यादीप्रमाणे दार उघडून जातो. दुसरा फेरीला येतो, आपल्या यादीत नसताना दार उघडे दिसते म्हणून बंद करतो आणि आपल्या हिशेबाने पुन्हा उघडायला घेतो. तोवर पहिला परत येतो. दोघेही कामचुकार नाहीत, उलट दोघेही दक्ष आहेत, आणि त्यांच्या दक्षतेमुळेच शेवटच्या शेताला पाणी मिळत नाही. शेतकऱ्याला वाटते धरणातच पाणी नाही. हे ऐकल्यावर एक वयस्कर गृहस्थ म्हणाले, “मग एकाला काढा की.” जे मी इंग्रजी संज्ञांच्या आधारे अर्धा तास समजावत होतो त्याचा निकाल त्यांनी एका वाक्यात लावला.

एकाला काढणे हाच उपाय, पण त्यालाही क्रम आहे. आधी ठरवायचे की ठेवायचा कोण. सामान्य वापराच्या यंत्रावर, जिथे पडद्याच्या कोपऱ्यातल्या चिन्हावरून जाळे निवडायचे आहे, तिथे नेटवर्क-मॅनेजर ठेवावा. मग दुसऱ्याला थांबवायचे; पण नुसते थांबवून भागत नाही, कारण पुढच्या वेळी यंत्राबरोबर तो पुन्हा उठतो. म्हणून त्याचे आपोआप सुरू होणेही बंद करायचे. तेवढ्यावरही काही सेवा दुसऱ्या कोणी हाक मारली की जाग्या होतात, त्यांना पूर्णपणे कुलूप घालण्याची सोय प्रणालीत आहे, ती वापरायची. मात्र लगोलग कोणतीही आज्ञावली उपटून टाकू नये. चुकीची काढली गेली तर जोडणीच उरत नाही आणि ती परत आणायला तर जोडणी लागते. मोबाइल यूएसबीच्या तारेने जोडून किंवा राऊटरला सरळ केबल लावून पर्यायी वाट आधी तयार ठेवावी. शेवटी साठवलेले जाळे विसरायला लावून पासवर्ड नव्याने द्यावा. मी आयडब्ल्यूडी आणि डीएचसीपीसीडी यांना रजा दिली, यंत्रे दोनदा बंद-चालू केली, राऊटरची वीज मुद्दाम घालवून पाहिली. एकाच्या तीन यंत्रे लगेच सुधारली.

चौथे यंत्र अडले, आणि त्याचे अडणे मला अधिक शिकवून गेले. तिथे भांडण नव्हते. तिथे अतिसौजन्य होते. कोणीतरी प्रणालीच्या एका जुन्या फाइलमध्ये बिनतारी उपकरणाचे नाव हाताने लिहून ठेवले होते. डेबियनमधला नेटवर्क-मॅनेजर त्या फाइलचा मान राखतो. तिथे ज्याचे नाव आहे ते उपकरण दुसऱ्या कोणाच्या ताब्यात आहे असे समजून तो त्याला हात लावत नाही. आणि ज्याच्या ताब्यात असायचे त्याला जाळ्याचे नाव, पासवर्ड काहीच सांगितलेले नव्हते. ‘पहले आप’ म्हणत गाडी चुकवणाऱ्या नबाबांची ती गोष्ट. पडद्यावर नेटवर्क-मॅनेजर प्रामाणिकपणे एक इंग्रजी शब्द दाखवत होता. त्याचे शब्दशः मराठी केले तर ‘अव्यवस्थापित’ असे काहीतरी होईल. तो शब्द वाचून कोणाला काय उमगणार? त्या संदेशाचा खरा अर्थ आहे: ‘या उपकरणाचा कारभार माझ्याकडे दिलेला नाही.’ हे वाक्य कोणीही वाचले तर पुढचा प्रश्न आपसूक विचारेल, की मग कोणाकडे आहे? त्या एका प्रश्नात निम्मी दुरुस्ती आहे.

माझा मुद्दा इथे आहे. मराठीकरण म्हणजे शब्दाला शब्द ठेवणे, असा आपला समज झाला आहे. त्या कामाचे मोल मी कमी लेखत नाही. रेड हॅटने लोहित टंक खुले केले, सी-डॅकच्या चेन्नई केंद्रातून २००७ मध्ये बॉस ही भारतीय लिनक्स प्रणाली आली, अनेक स्वयंसेवकांनी विनामोबदला हजारो संदेशांना मराठी प्रतिशब्द दिले. त्यामुळेच आज देवनागरी पडद्यावर नीट दिसते. परंतु यादीतले शब्द मराठी झाले आणि त्यांमागचा विचार इंग्रजीतच राहिला. ‘मॅनेजर’ला ‘व्यवस्थापक’ म्हणून आपण मोकळे झालो. ‘कारभारी’ म्हटले असते तर एका घरात दोन कारभारी आले की काय होते, हे मराठी माणसाला शिकवावे लागले नसते. बारभाई कारभार आणि एका म्यानातल्या दोन तलवारी आपल्या भाषेला पूर्वीपासून ठाऊक आहेत.

यावर एक आक्षेप येईल, तो असा की मुळात इतके पर्याय असावेतच कशाला. विंडोजमध्ये असला घोळ नाही. हा आक्षेप स्मरणशक्तीच्या भरवशावर टिकत नाही. विंडोज एक्सपीच्या काळात लॅपटॉप उत्पादकाची स्वतःची वायफाय आज्ञावली आणि विंडोजची अंगभूत सोय यांच्यात हेच भांडण होत असे, आणि ‘विंडोजला जोडणी सांभाळू द्या’ अशा अर्थाच्या चौकोनात खूण करावी की काढावी यावर लोकांचे दिवस गेले आहेत. दोन सत्ताकेंद्रे जिथे येतात तिथे हे होते. फरक एवढाच की लिनक्समध्ये कोण कोणाच्या आड येतो हे पाहण्याची मुभा आहे आणि निवाडा करण्याचा अधिकार वापरणाऱ्याकडे आहे.

पण दुसऱ्या बाजूने मुक्तस्रोताच्या भक्तांनाही विचारायला हवे की ज्याला पुरावा वाचता येत नाही त्याच्या या अधिकाराला अर्थ काय? पर्याय असणे म्हणजे स्वातंत्र्य, असे ते म्हणतात. त्या मुलीपाशी पर्याय भरपूर होते, ते सगळे एकाच वेळी चालू होते, आणि म्हणूनच तिचा अर्ज बुडाला. पर्यायांमधून निवड करण्यासाठी लागणारी समज जेव्हा एकाच भाषेत, एकाच वर्गापाशी राहते, तेव्हा बाकीच्यांसाठी स्वातंत्र्य म्हणजे निव्वळ गोंधळ असतो. मग त्यांनी दुकानदाराच्या विनापरवाना तबकडीची वाट धरली तर दोष त्यांना कसा द्यावा?

हे अशक्यप्राय काम आहे असे मात्र कोणी म्हणू नये. केरळने सरकारी शाळांत मुक्तस्रोत प्रणाली नेली तेव्हा केवळ तबकड्या वाटल्या नाहीत. शिक्षकांना प्रशिक्षण दिले आणि मल्याळम भाषेत माहिती तंत्रज्ञानाची पाठ्यपुस्तके केली. आपल्याकडे २००१ पासून एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम लाखो लोकांनी पूर्ण केला, सरकारी नोकरीसाठी त्याचे प्रमाणपत्र घरोघर आले. पण त्यात शिकवला गेला तो प्रामुख्याने विंडोजचा आणि ऑफिसचा वापर. वापर शिकलेला माणूस यंत्र बिघडले की दुकानात जातो. निदान शिकलेला माणूस आधी नोंदवही उघडतो. ही दुसरी सवय इंग्रजीवर अवलंबून असण्याचे काही कारण नाही.

आणि बीड जिल्ह्याला तर हे सांगण्याचीच गरज पडू नये. अंबाजोगाईला मुकुंदराजांची समाधी आहे. त्यांच्या स्थळकाळाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत, पण परंपरेने शके १११० चा मानला गेलेला ‘विवेकसिंधू’ संस्कृतातला वेदान्त मराठीत सांगण्यासाठी लिहिला गेला, याविषयी मतभेद नाही. त्याच अंबाजोगाईत पुढे दासोपंतांनी पंचीकरणासारखा गहन विषय सुमारे चाळीस फूट लांबीच्या कापडी पासोडीवर लिहून मांडला. उघडून पसरावी आणि चार माणसांनी भोवती बसून समजून घ्यावी, अशी ती वस्तू आहे. अवघड ते आपल्या भाषेत, डोळ्यांसमोर, सर्वांना दिसेल असे मांडायचे ही या भूमीची जुनी रीत आहे. बिनतारी जोडणीची तुलना वेदान्ताशी करण्याचा अगोचरपणा मी करत नाही. रीत तेवढी उचलण्याजोगी आहे एवढेच म्हणतो.

म्हणून त्या रविवारी निघण्यापूर्वी आम्ही एक कागद लिहून भिंतीला लावला. त्यावर आज्ञा दोनच आहेत. बाकी मजकूर असा: या यंत्रांवर जोडणीचा कारभार नेटवर्क-मॅनेजरकडे आहे. दुसरी कोणतीही जोडणी-आज्ञावली बसवू नये. बसवायचीच तर आधी हिला रजा द्यावी. जोडणी तुटली तर प्रथम त्याच टेबलावर मोबाइल लावून पाहावा. मोबाइल चालत असेल तर राऊटरला हात लावू नये, नोंदवही पाहावी. तोडण्याचा निर्णय ‘स्थानिक’ आहे का ते वाचावे. ‘कारभार माझ्याकडे नाही’ अशा अर्थाचा संदेश असेल तर अमुक फाइलमध्ये उपकरणाचे नाव आहे का ते पाहावे. जो काही बदल कराल तो तारखेसह या कागदाखाली लिहावा.

शेवटची ओळ मला सर्वांत महत्त्वाची वाटते. दुसऱ्यासाठी यंत्र बसवून देणारा प्रत्येक जण असा एक कागद मागे ठेवील, तर निम्मे तंटे उद्भवणारच नाहीत. मंडळींनी विंडोजचा बेत तूर्त लांबणीवर टाकला आहे, रद्द केलेला नाही, आणि ते रास्तच आहे. भरवसा एका रविवारी परत येत नसतो. परवा जाणे झाले तेव्हा त्या कागदाखाली दोन तारखा आणि दोन ओळी वाढलेल्या दिसल्या. दुसरी ओळ त्याच मुलीची होती. राऊटर बदलल्यावर नवा पासवर्ड चारही यंत्रांवर तिने दिला होता, आणि जुने जाळे आधी विसरायला लावल्याची नोंदही केली होती.